वाचक विचारतात: नळदुर्ग कोणाच्या बाकीत गेला?

मागच्या महिन्यात नळदुर्गच्या किल्ल्यावर छोटी टीप छापली होती. तिच्यात एक ओळ अशी होती की १८५३ ते १८६० या काळात हा मुलूख निजामाच्या नव्हे, तर इंग्रजांच्या कारभारात होता आणि तो गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या काळात गेला. पाणीमहाल, बोरी नदी, नर-मादी धबधबे यांच्यावर एकही प्रश्न आला नाही. पत्रांचा ढीग पडला तो या एका ओळीवर. म्हणून या वेळचे सदर डलहौसीलाच दिले आहे.

नळदुर्गहून प्रश्न : आमचा भाग डलहौसीने दत्तक नामंजूर करून खालसा केला का? निजामाला तर मुले होती.

शंका बरोबर आहे. इथे दत्तकाचा काही संबंध नाही. नळदुर्ग गेला तो थकलेल्या पगारापायी.

हैदराबादेत इंग्रजांच्या दोन वेगवेगळ्या फौजा होत्या, हे आधी लक्षात घ्यायला हवे. पुस्तकांत त्यांची हमखास गल्लत होते. पहिली तैनाती फौज. तिच्या खर्चापोटी निजामाने १८०० च्या तहात बेल्लारी-कडप्पाचा मुलूख कायमचा देऊन टाकला होता, म्हणजे तो हिशेब तिथेच मिटला. दुसरी 'कंटिंजंट'. रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रज वकील, हेन्री रसेल याच्या काळात उभी राहिलेली ही पलटण नावाने निजामाची, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. निजामाकडे फक्त पगार देणे उरले होते.

आता पगार थकला कसा ते पाहा. निजामाचे तालुके मक्त्याने दिलेले असत. तालुकदार वसुलीचा हक्क घेताना आगाऊ रक्कम मोजायचा आणि ती सावकाराकडून किंवा अरब जमादाराकडून उचलायचा. मग त्या तालुक्याचा वसूल आधी सावकाराच्या घरी जायचा, उरलेच तर हैदराबादच्या खजिन्यात. कंटिंजंटचा पगार मात्र दरमहा लागे. तो थकला की रेसिडेंट कंपनीच्या खजिन्यातून उचल देई आणि ती निजामाच्या नावे व्याजासह मांडली जाई. १८५१ मध्ये निजामाने मोठी रक्कम भरली, पण मूळ गळती तशीच राहिल्याने १८५३ पर्यंत बाकी पुन्हा चाळीस लाखांच्या वर गेली.

डलहौसीने १८५१ मध्ये निजाम नासिरुद्दौला याला पाठवलेला खलिता आजही वाचवत नाही. मनात आणले तर पायाखालची धूळ करून नाव-निशाणही ठेवणार नाही असे हे सरकार आहे, अशा अर्थाची धमकी त्यात आहे. गंमत अशी की १८०० च्या तहाने शांततेच्या काळात अशी फौज पोसणे निजामावर बंधनकारक नव्हते. तो तह युद्ध झाल्यास सहा हजार पायदळ आणि नऊ हजार स्वार द्या एवढेच सांगतो. हा मुद्दा हैदराबादकडून पुढे आला, तेव्हा डलहौसीने आपल्या टिपणात लिहिले की तहामुळेच निजामाने ही फौज ठेवली असे उत्तर एक प्रामाणिक माणूस म्हणून मी देऊ शकत नाही. कबुली दिली, पण मागणी सोडली नाही. आमच्या मते डलहौसी कळायला त्याचे हे एक टिपण पुरे.

त्याला मुलूख कायमचा हवा होता. निजाम अडून बसला. वडिलार्जित मुलूख विनाकारण देणे आणि इमानी फौज मोडणे या दोन गोष्टी राजाला बट्टा लावणाऱ्या आहेत, असे त्याने रेसिडेंट कर्नल जॉन लो याला ऐकवले. अखेर शब्दावर तडजोड झाली. २१ मे १८५३ च्या तहात मुलूख 'दिला' असे नाही, 'नेमून दिला' असे आले. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा. त्यात तीन भाग होते : वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग, म्हणजे साधारण आजचा धाराशिवकडचा पट्टा. तिन्हींचा मिळून वसूल सुमारे ५० लाख धरला होता. त्यातून आधी कंटिंजंटचा खर्च, मग अप्पा देसाईची चौथाई आणि महीपतराम घराण्याची नेमणूक ही ठरलेली देणी, मग बाकीवर शेकडा सहा व्याज, आणि उरेल ते निजामाला, असा क्रम ठरला. खोच होती ती कारभारखर्चाला मर्यादा न घालण्यात. कचेऱ्या आणि साहेबांचे पगार वाढत गेले की उरणारी रक्कम आपोआप आटते. निजामाची पुढची सगळी तक्रार याच कलमावर होती.

तहानंतर पाचव्या दिवशी दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि दिवाणगिरी त्यांच्या पुतण्याकडे, पहिल्या सालारजंगाकडे आली. नळदुर्गावर कारभारी म्हणून आले मेडोज टेलर, जे त्याआधी सुरापूरला होते. १८५७ नंतर अफजलुद्दौला निजामाशी नवा तह झाला. त्यात नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले, आणि ज्या सुरापूरच्या राजाने बंड केले होते त्याचे संस्थानही निजामाला मिळाले. मात्र निजामाला नेमून दिलेल्या मुलखाचे मागचे-पुढचे सगळे हिशेब मागण्याचा हक्क सोडावा लागला. वऱ्हाड तर परत आलेच नाही. १९०२ मध्ये ते वार्षिक २५ लाखांच्या खंडाने कायमचे गेले.

उदगीरहून प्रश्न : पस्तिशीतला हा माणूस गव्हर्नर जनरल झाला कसा? वशिला होता का?

घराणे होतेच, पण नुसत्या घराण्यावर हे साधले नाही.

डलहौसी म्हणजे जेम्स अँड्र्यू ब्राउन-रॅमसे. त्याचा जन्म २२ एप्रिल १८१२ चा, एडिंबरोजवळच्या डलहौसी कॅसलमधला. हा तिसरा मुलगा. दोघे थोरले भाऊ गेल्यामुळे १८३२ मध्ये तो वारस ठरला. वडील नववे अर्ल : कॅनडाचे गव्हर्नर जनरल, नंतर हिंदुस्थानात सरसेनापती. कॅनडात हॅलिफॅक्सला जे डलहौसी विद्यापीठ आहे ते वडिलांचे, मुलाचे नव्हे. आई कोलस्टनच्या ब्राउन घराण्यातली. त्या घराण्यात एक वाळलेले पेअर फळ चांदीच्या पेटीत जपून ठेवलेले आहे. ते शाबूत आहे तोवर घराण्याचे बरे चालेल, अशी समजूत. आपल्याकडे देव्हाऱ्यातला टाक जपतात, तसलेच काहीसे.

हॅरोची शाळा, मग ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज. पदवी चौथ्या वर्गातली, म्हणजे बुद्धीची चमक दाखवणारी मुळीच नाही. १८३५ मध्ये टोरी म्हणून एडिंबरो शहरातून उभा राहिला आणि पडला. १८३६ मध्ये लग्न, मुलगी मार्क्विस ऑफ ट्वीडेलची, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १८३७ मध्ये हॅडिंग्टनशायरमधून निवडून आला खरा, पण वर्षभरातच वडील वारले आणि अर्ल म्हणून त्याला लॉर्ड्सच्या सभागृहात जावे लागले. लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी म्हणून त्याचे आयुष्य इतकेच.

त्याचे खरे शिक्षण बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये, म्हणजे व्यापार खात्यात, झाले. १८४३ मध्ये तो तिथे ग्लॅडस्टनच्या जागी उपाध्यक्ष झाला आणि १८४५ मध्ये पुन्हा त्याच्याच जागी अध्यक्ष. तेव्हा इंग्लंडात रेल्वेचे वेड शिगेला होते. कंपन्या शेकड्यांनी निघत, आणि प्रत्येकीचा नकाशा, भांडवल, रूळांची आखणी तपासायचे काम या खात्याकडे. रात्री जागून त्याने ते उपसले आणि तब्येतीची वाट लावून घेतली. सगळ्या मार्गांची आखणी सरकारने एकत्रितपणे करावी हा त्याचा आग्रह होता. पंतप्रधान पीलने तो मानला नाही. १८४६ मध्ये धान्य कायद्यावरून पक्ष फुटला आणि पीलचे सरकार पडले. पुढचा, विरोधी व्हिग पक्षाचा पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल याने मंत्रिपद देऊ केले, ते डलहौसीने नाकारले. पण हिंदुस्थान देऊ केल्यावर, आपल्या पक्षाशी असलेले नाते सोडणार नाही अशी अट घालून तो आला. १२ जानेवारी १८४८ रोजी कलकत्त्याला उतरला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. विरोधी पक्षाने नेमलेला, राज्यकारभाराचा मोठा अनुभव नसलेला, पण फायलींचा फडशा पाडायची सवय लागलेला माणूस.

लातूरहून, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासकांचा प्रश्न : डलहौसीने घेतलेल्या राज्यांची यादी क्रमाने द्यावी. दत्तकाचे धोरण त्यानेच काढले ना?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी. नाही, त्याने काढले नाही. कित्तूर १८२४ चे, आणि अलिबागच्या आंग्र्यांचे कुलाबा १८४० मध्ये दत्तक नाकारूनच खालसा झाले. कंपनीच्या संचालकांनी १८३४ मध्येच दत्तकाची परवानगी अपवादानेच द्यावी असे ठरवले होते. डलहौसीने अपवाद मोडीत काढला आणि नियम सपाटून चालवला.

यादी पाठ करताना कारणानुसार गट पाडा, म्हणजे चुकणार नाही. औरस वारस नाही म्हणून : सातारा १८४८, जैतपूर आणि संबळपूर १८४९, झाशी आणि नागपूर १८५३-५४. युद्ध जिंकून : पंजाब १८४९, दक्षिण ब्रह्मदेश १८५२. गैरकारभाराचे कारण सांगून : अवध १८५६. थकबाकीपोटी : वऱ्हाड, रायचूर, नळदुर्ग १८५३. परीक्षेत अवध आणि वऱ्हाड दत्तकाच्या रांगेत घालणारे सर्वांत जास्त. दुसरा नेहमीचा घोटाळा नानासाहेबांचा. बाजीरावांचे आठ लाखांचे वार्षिक वेतन १८५१ मध्ये बंद झाले. पण तिथे राज्यच नव्हते, त्यामुळे खालसा काय करणार? वेतन व्यक्तीला होते, घराण्याला नव्हे, असा तिथला युक्तिवाद.

नियम सगळ्या संस्थानांना लागू नव्हता. कधीच कोणाच्या ताब्यात नसलेली स्वतंत्र राज्ये वेगळी. कोणाच्या तरी अधीन असलेल्यांना वरच्या सत्तेची मंजुरी लागे. आणि इंग्रजांनी स्वतः सनद देऊन उभी केलेली राज्ये दत्तकाला मिळू द्यायचीच नाहीत, असे तीन दर्जे होते. साताऱ्याची गादी १८१९ मध्ये इंग्रजांनी उभी केली, म्हणून ती तिसऱ्या दर्जात बसवली. दत्तकाला खाजगी मिळकत मिळे, गादी नाही. संचालकांनी एकदा त्याचा हात धरलाही होता : करौलीचे राजपूत घराणे जुने आहे म्हणून तिथला दत्तक मान्य करायला लावला.

एक गोष्ट पुस्तकात येत नाही. डलहौसीच्या देशात दत्तक नावाची कायदेशीर गोष्टच नव्हती. स्कॉटलंडमध्ये तो कायदा १९३० चा. मरणाच्या आदल्या दिवशी मांडीवर बसवलेले मूल गादीचा धनी कसे होते, हे त्याला समजून घ्यायचेही नव्हते.

अंबाजोगाईहून प्रश्न : मोमिनाबादची (अंबाजोगाईचे जुने नाव) छावणी म्हणजे तीच कंटिंजंट का?

हो. १८५३ च्या तहाने तिची संख्या बांधून दिली : पायदळ ५,०००, स्वार २,०००, तोफखान्याच्या ४ तुकड्या. सहा पायदळ पलटणी आणि चार रिसाले, म्हणजे स्वारांच्या पलटणी. मुख्य ठाणे बोलारम. मराठवाड्यात औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद ही ठाणी. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादला बंड केले ते यातल्याच पहिल्या रिसाल्याने. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विरली.

जालन्याहून प्रश्न : असईच्या लढाईत डलहौसीचे स्कॉटिश लोक होते असे ऐकले.

स्कॉटिश लोक होते, डलहौसीचे नव्हते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला आर्थर वेलस्लीच्या (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) फौजेत ७४ वी आणि ७८ वी या हायलँडर पलटणी होत्या. डलहौसी तेव्हा जन्मायला नऊ वर्षे अवकाश होता. त्याचे वडील वेलस्लीच्या हाताखाली लढले, पण ते स्पेनमध्ये.

नांदेडहून प्रश्न : आमची मनमाड लाइन डलहौसीची का?

नाही. ती गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारासची आणि मूळची मीटर गेज. मीटर गेज व्हाइसरॉय मेयोच्या काळात, १८७० मध्ये ठरले. डलहौसीचे जे आहे ते ब्रॉड गेज, म्हणजे दोन रुळांत ५ फूट ६ इंच, १,६७६ मिलिमीटर. त्यातही त्याला सहा फूट हवे होते. गाडी रुंद, गुरुत्वमध्य खाली, वाऱ्यात स्थिर, असा त्याचा हिशेब. संचालकांनी सहा इंच कापले. इंग्लंडात वेगवेगळ्या मापांच्या लाइनी एकमेकींना भेटतात तिथे सगळा माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो, हे त्याने बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये पाहिले होते. म्हणून देशभर एकच माप ठेवा, असा आग्रह. पुढे मीटर गेज आणून नेमका तोच घोळ झाला आणि मनमाडला हमालांना वर्षानुवर्षे काम मिळाले.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली. मुख्य मार्गांचे त्याचे टिपण २० एप्रिलचे. पैसा उभारला तो हमीच्या पद्धतीने : भांडवलावर सरकारकडून पाच टक्के व्याजाची हमी, जमीन ९९ वर्षांसाठी फुकट. नफा पक्का म्हटल्यावर खर्चाला लगाम कोण घालणार? दर मैली खर्च अंदाजाच्या दुपटीच्या वर गेला आणि व्याज रयतेच्या साऱ्यातून भरले गेले.

बीडहून प्रश्न : जुन्या दप्तरात राणीच्या डोक्याचे निळे अर्ध्या आण्याचे तिकीट सापडले. डलहौसीच्या वेळचे असेल का?

कडा पाहा. दातेरी असेल तर नाही. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर चाललेली तिकिटे कलकत्त्याला छापली आणि त्यांना दाते नव्हते. पोस्टातला माणूस कात्रीने कापून देई, त्यामुळे चारी बाजूंच्या कडा सहसा कमी-जास्त असतात. अर्धा आणा निळे, एक आणा तांबडे, दोन आणे हिरवे, चार आणे निळे-तांबडे. वर फक्त 'इंडिया', खाली किंमत. 'ईस्ट इंडिया' असे छापलेले असेल तर ते लंडनहून आलेले नंतरचे. कागद उजेडात धरा : पाण्यातली खूण म्हणजे कंपनीचे मोठे राजचिन्ह, सबंध पानावर एकच. तुमच्या तुकड्यात त्याची एखादी रेघ दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. दोन्ही ठीक.

फसवणुकीचा एक नेहमीचा प्रकार : नंतरच्या तिकिटाचे दाते कापून टाकतात. तसे झाले की चारी कडा नक्षीला भिडलेल्या दिसतात. आणि कागदावर चिकटलेले असेल तर सोडवू नका, गरम पाण्यात तर मुळीच नको. शिक्क्यासकट सबंध पाकिटाचे मोल वेगळे.

अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचे, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅमचे पत्र देशात कुठेही जाई. तिकीट न लावता पाठवले तर घेणाऱ्याकडून दुप्पट. निजामाची स्वतःची तिकिटे १८६९ पासूनची.

परभणीहून प्रश्न : अर्ल, मार्क्विस, लॉर्ड यांत फरक काय? आणि डलहौसीला मुलगा होता का?

ब्रिटनमध्ये वरून खाली पाच पायऱ्या : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. खालच्या चौघांना बोलताना 'लॉर्ड' म्हणतात, म्हणून आपल्याकडे सगळेच लॉर्ड.

रॅमसे, म्हणजे डलहौसीचे घराणे, १६१८ मध्ये लॉर्ड झाले, १६३३ मध्ये अर्ल. पण ही पदवी स्कॉटलंडची. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर सगळ्या स्कॉटिश सरदारांना लंडनच्या लॉर्ड्समध्ये जागा मिळाली नाही. आपसांत निवडलेले फक्त १६ बसत. डलहौसीला निवडणुकीची गरज पडली नाही, कारण वडिलांना १८१५ मध्ये लढाईतल्या कामगिरीबद्दल वेगळी ब्रिटिश बॅरनची पदवी मिळाली होती आणि तिच्या जोरावर तो बसे. तिसरी, मार्क्विसची, १८४९ मध्ये पंजाब घेतल्याबद्दल, आणि तिच्या नावात 'पंजाब' हा शब्दही होता.

मुलगा नव्हता. दोन मुली होत्या, सुझन आणि एडिथ. पत्नी १८५३ मध्ये मायदेशी जाताना जहाजावर वारली. वारशाचे नियम पदवीगणिक वेगळे. बॅरनची पदवी वडिलांच्या पोटच्या पुरुष वंशाला, मार्क्विसची त्याच्या स्वतःच्या पोटच्या पुरुष वंशाला. दोन्ही वंश त्याच्यापाशीच थांबले आणि दोन्ही पदव्या त्याच्याबरोबर बुडाल्या. १६३३ ची अर्लची पदवी मात्र दूरच्या पुरुष नातलगालाही चाले. ती चुलतभाऊ फॉक्स मॉल, लॉर्ड पॅनम्यूर, याच्याकडे गेली. हा क्रिमियन युद्धाच्या वेळचा युद्धमंत्री. त्यालाही मूल नव्हते, १८७४ मध्ये पदवी आणखी एका चुलत घरात गेली. आईकडची कोलस्टनची मिळकत मुलीला मिळू शके, ती सुझनला मिळाली. तिचा नवरा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

डलहौसीने २९ फेब्रुवारी १८५६ रोजी पुढचा गव्हर्नर जनरल कॅनिंग याच्याकडे सूत्रे दिली, तेव्हा त्याच्या पायाचे हाड सडत होते. कंपनीने वर्षाला ५,००० पौंडांचे पेन्शन दिले. १८५७ चे खापर त्याच्यावर फुटले, पण त्याने जाहीर उत्तर दिले नाही आणि आपली खाजगी कागदपत्रे मृत्यूनंतर पन्नास वर्षे उघडू नयेत असे लिहून ठेवले. १९ डिसेंबर १८६० रोजी, ४८ व्या वर्षी, जन्मलेल्याच कॅसलमध्ये तो वारला. नळदुर्ग निजामाला परत देणारा तह त्याच डिसेंबरातला.